निळ्या फुलाचं भांडं

लविनाने पेला माझ्याकडे परत सरकवला आणि ओठांवर हात धरला.

"नको, आई. आज नको."

"काल नको होतं, परवा नको होतं. आज नवीन काय सांगितलंस?" मी म्हटलं. "दूध आहे ते, बाई. चुन्याची निवळी नाही."

"मळमळतंय मला."

"पाचव्या महिन्यात मळमळ कसली? ती कधीच संपायला हवी होती."

लविना माझी सून. हाडापेराने बारीक, आणि डोळे असे की मागे उभं राहून कुणी काही बोललं तरी तिला दिसावं. माझा मुलगा इनॉक उंबऱ्यावर बसून कुऱ्हाडीला दगड लावत होता. त्याने मान वर केली नाही. दोन बायकांच्या मधे तोंड घालायची त्याच्या बापालाही सवय नव्हती.

अमेरिकेत इंडियाना नुकतंच राज्य झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही कॅरोलिनाहून डोंगर ओलांडून आलो त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. नवरा वाटेतच गेला. त्याला टेनेसीत एका वळणावर ठेवला आणि पुढे निघालो, कारण थांबायला तिथे काही नव्हतं. मी उरलेली वाट पायीच चालले, गाडीच्या मागे, हॅनाचा दोर हातात धरून. गाडीत जागा नव्हती असं नाही. पण हॅना दुसऱ्या कुणाच्या हातात दिली असती तर तिने पहिल्याच ओढ्यात पाय मोडून घेतला असता. हॅना म्हणजे आमची गाय. सासूचं नाव मी तिला दिलं होतं. दोघीही लाल केसांच्या आणि आडमुठ्या. फरक एवढाच, की गाय दूध द्यायची.

जागा आम्ही ओढ्याकाठची धरली, प्यायच्या पाण्याचा झरा जवळ. चारी बाजूंनी जंगल, इतकं दाट की दुपारी बारालाही आत गेलं तर संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. आमच्याकडे झाडं पाडत बसायला वेळ कुणाला? बुंध्याभोवती सालीचं कडं काढायचं आणि सोडून द्यायचं. झाड उभ्या उभ्या मरतं, पानं गळतात, ऊन खाली येतं, आणि त्या मेलेल्या झाडांच्या मधे मका पेरायचा. आमचं शेत म्हणजे अशा शंभरेक मढ्यांमधला मका. पहिल्यांदा लविनाने ते पाहिलं तेव्हा म्हणाली होती, "आई, ही सगळी उभी आहेत आणि त्यांना कळलंच नाही." मी म्हटलं, "कळून काय करणार होती?"

त्या वर्षी उन्हाळा संपता संपेना. ओढा आटून डबक्यांवर आला, मोकळ्या जागेतलं गवत जळून गेलं. हॅना मग जंगलातल्या घळीत उतरायला लागली. तिथे सावलीत अजून हिरवं होतं. कमरेएवढी झुडपं, वर पांढऱ्या बारीक फुलांचे तुरे. संध्याकाळी गळ्यातली घंटा वाजवत ती परत यायची तेव्हा तोंडाला त्या फुलांचा चुरा लागलेला असायचा, आणि कास अशी तट्ट. दुष्काळात दूध वाढवणारी गाय मी आणखी कुणाकडे पाहिली नाही, आणि तसं मी बोलूनही दाखवत असे.

"वासरू थरथरतंय," लविना म्हणाली. पेला अजून आमच्या दोघींच्या मधेच होता. "सकाळी उठवलं तर मागचे पाय धरत नाही. आई, ते अजून काही खात नाही. नुसतं दूध पितं."

"मग?"

"मग काही नाही. मी बघितलं, ते सांगितलं."

"वासराला जंत झालेत. आजपासून त्याला आईपासून तोडते. मक्याची कांजी देते आणि एल्मच्या झाडाचा पाला. आठ दिवसांत उड्या मारेल. आणि त्याच्या वाट्याचं दूध घरात येईल. तुला तर पाहिजेच आहे."

"मला नको."

तेव्हा मी बोलले. कसं बोलले तेही सांगते, कारण त्यातला एक शब्द मी विसरलेले नाही.

"आधीची दोन अशीच गेली," मी म्हटलं. "तुझ्या नको-नकोने. एक तिसऱ्या महिन्यात, एक सातव्यात. अंगात काही घालायचं नाही आणि मग रडत बसायचं. हे तिसरंही घालवायचं असेल तर सांग. मी इनॉकला आत्ताच खड्डा खणून ठेवायला सांगते."

कुऱ्हाडीवरचा दगड थांबला. इनॉक म्हणाला, "आई."

"तू गप्प बस. तुझं काम झालंय."

लविनाने पेला उचलला. माझ्याकडे बघत बघत प्याली, थांबली नाही, शेवटचा थेंब येईपर्यंत. मग पेला पालथा करून टेबलावर ठेवला. तिच्या वरच्या ओठावर पांढरी रेघ राहिली होती, ती तिने पुसली नाही.

कोपऱ्यात माझी नात तामार बसली होती, इनॉक-लविनाची थोरली आणि जिवंत राहिलेली एकटीच. सहा वर्षांची. मक्याच्या कणसाला फडकं गुंडाळून बाहुली खेळत होती. मी तिला म्हटलं, "बघ, आई किती शहाणी झाली. तू पण पितेस ना?"

"पिते," तामार म्हणाली आणि आईकडे बघितलं.

वासरू मी तोडलं. दुधाची चरवी आता काठोकाठ भरायला लागली. सकाळी तिघांना ताजं, दुपारी ताक, आणि उरलेल्याचं लोणी. मी स्वतः पीत नव्हते. इनॉक दुसरी खोली बांधायला ओंडके तोडत होता, सून पोटुशी, पोर वाढीची. घरातल्या बाईने आधी बाकीच्यांचे पेले भरायचे, मग भांड्यात काही उरलं तर बघायचं. माझ्या आईने तसंच केलं, मीही तसंच. मला मक्याची भाकरी आणि पाणी पुरत होतं. लोण्यालाही मी हात लावत नसे. ते धुऊन, मीठ घालून निळ्या फुलाच्या भांड्यात दाबून ठेवायचं. ते दगडी भांडं माझ्या आजीचं. सातशे मैल रजईत गुंडाळून आणलेलं. लोणी करावं तर मीच, असं कॅरोलिनात आमच्या चर्चमधली माणसं म्हणायची. इंडियानात म्हणायला कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी इनॉक दुपारीच घरी आला आणि म्हणाला, "गुडघे धरत नाहीत."

"ऊन लागलं," मी म्हटलं आणि त्याला पेला दिला.

पाचव्या दिवशी तो उठला नाही. पोटात काही ठरेना. तहान मात्र अशी की घोट गिळला की लगेच दुसरा मागायचा. ताप नव्हताच. उलट अंग थंड, पाय गार, आणि तोंडाला कुजलेल्या सफरचंदासारखा वास. त्याच संध्याकाळी लविनाने चुलीतली राख काढता काढता हात टेकला, तो टेकलेलाच राहिला.

मी दोघांना शेजारी शेजारी झोपवलं. एल्मच्या सालीचा काढा दिला, पोटावर गरम दगड ठेवले, आणि दूध. दूध तर सारखंच, आता तामारच्या वाट्याचंही. कोमट करून, थोडं मीठ टाकून, भाकरी कुस्करून. ओकलं की परत. त्यांच्या अंगात काही राहिलं पाहिजे, एवढंच मला कळत होतं.

"तामारला काही झालं नाही," मी लविनाला म्हटलं. "बघ. रोज पीत आली, आणि कशी धडधाकट आहे. तू वेळेवर पीत असतीस तर तुझ्यात पण जोर असता."

लविनाने डोळे मिटले.

सहाव्या दिवशी ओबेद पेल आला. तो आमचा एकुलता एक शेजारी, ओढ्याच्या वरच्या अंगाला तीन मैलांवर एकटाच राहायचा. इनॉकसोबत खोलीचे ओंडके चढवायचं ठरलं होतं, म्हणून कुऱ्हाड खांद्यावर घेऊनच आला. आत डोकावला, वास घेतला, आणि कुऱ्हाड बाहेर ठेवून टोपी काढली.

"बाई, हे मी ओहायोत पाहिलंय," तो म्हणाला. "आम्ही त्याला थरथर म्हणायचो. आमच्या वस्तीत अकरा माणसं गेली."

"कशाने?"

"कुणी म्हणायचं दव. कुणी म्हणायचं पाणी. एक जण म्हणायचा मातीतून वाफ येते."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी गाडी जोडली."

"ते दिसतंच आहे," मी म्हटलं. "पळायला जमतं तुम्हाला."

त्याला राग आला नाही. "पळालो म्हणून उभा आहे, बाई. या झऱ्याचं पाणी सोडा. सगळ्यांना घेऊन माझ्याकडे चला. मी स्लेज आणतो, बिनचाकांची ओढगाडी, दोघांना त्यावर घालू."

"माझ्या झऱ्याला काही झालेलं नाही. मी तेच पाणी पिते. माझ्याकडे बघा."

त्याने खरंच बघितलं माझ्याकडे. मग तामारकडे. मग डोकं खाजवलं. "हे मात्र मला कळत नाही," तो म्हणाला.

तो बाहेर पडला तेव्हा दार उघडंच राहिलं. बाहेर उन्हात वासरू होतं. सहा दिवसांपूर्वी ज्याचे मागचे पाय लटपटत होते ते वासरू शेपूट उभारून मेलेल्या झाडांमधून पळत होतं. लविनाने मान उचलली. मला वाटलं पाणी हवंय.

"आई," ती म्हणाली. "वासरू."

"हो. सांगितलं होतं ना, आठ दिवसांत उड्या मारेल. माझी कांजी लागू पडली."

"उभं राहिलं," ती म्हणाली. "आई. बघा ना. उभं राहिलं."

"बघितलं हो. तू पण राहशील. हे घे."

तिने दात आवळले. मी तिच्या गालावर बोटं दाबली, लहान मुलाला दाबतात तशी, आणि चमचा दातांमधून आत घातला. तेवढा जोर माझ्या हातांत होता. तिच्या हातांत नव्हता. तिने माझं मनगट धरलं होतं, पण ते धरणं म्हणजे नुसता हात ठेवल्यासारखं. चार चमचे गेले. पाचवा बाहेर आला.

त्यानंतर ती बोलली नाही. मला वाटलं रुसली.

इनॉक दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. लविना दुपारी. तिच्या पोटातलं केव्हा गेलं ते मला सांगता येणार नाही.

ओबेद परत आला, त्याने ओंडके फाडून दोन खोकी केली. नव्या खोलीसाठी तोडलेलेच ओंडके. खड्डा त्याने एकच खणला, रुंद. मी म्हटलं, दोन खणा. तो म्हणाला, "बाई, जमीन दगडासारखी आहे." मी फावडं घेतलं आणि दुसरा खणायला लागले, तेव्हा त्याने माझ्या हातातून ते काढून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत खणत राहिला. प्रार्थना मीच म्हटली, पाठ होती तेवढी. अर्ध्यातच अडले, तेव्हा तामारने माझा हात हलवला.

तो निघाला तेव्हा मी निळ्या फुलाचं भांडं त्याच्या हातात दिलं. काठोकाठ लोणी.

"हे कशाला? आत्ता?"

"आमच्या घरून कामाचा माणूस रिकाम्या हाताने जात नाही," मी म्हटलं. "भांडं परत लागेल मला. आजीचं आहे."

"आणून देईन."

तो भांडं छातीशी धरून झाडांत शिरला.

सकाळी मी घर काढायला घेतलं. त्यांचं अंथरूण जाळायचं होतं. तामारच्या गादीच्या कडेला आंबूस, कुजका वास येत होता. मला वाटलं उंदीर मेला. घरातली जमीन दुभंगलेल्या ओंडक्यांची, तासलेली बाजू वर, आणि मधे बोटभर फटी. मी पहार घालून भिंतीजवळचा ओंडका उचकटला.

उंदीर नव्हता. खालची माती पांढरी पडली होती. वर पिवळट साय सुकून तिला भेगा पडलेल्या, खाली ओलसर दह्याचा थर, त्यात मुंग्या. एका दिवसाचं नव्हतं ते. पेल्यामागून पेला, एकाच फटीतून, एकाच जागी.

मी गुडघ्यांवर बसले होते. मागे तामार उभी राहिली.

"मी नाही ओतलं, आजी," ती म्हणाली. "आईने ओतलं. रोज माझं ती ओतायची. मला म्हणाली, आजीने विचारलं तर पिते म्हण. तू मला ओरडू नको."

"तिचं स्वतःचं?"

"तिचं नाही ओतलं. तिच्यापुढे तू उभी असायचीस."

दार उघडं होतं. बाहेर वासरू एल्मचा पाला ओरबाडत होतं. चारही पाय जमिनीवर घट्ट. मी त्याच्याकडे बघत राहिले. वासरू, तामार आणि मी. तिघंच उभे होतो त्या जागेत.

हॅना दाराशी येऊन हंबरायला लागली. धारेची वेळ टळून गेली होती, कास फुटायला आलेली. मी चरवी न घेता गेले आणि तिचं सगळं दूध मातीत काढलं. वासरू वासाने जवळ आलं. त्याला मी ढोपराने ढकललं, परत आलं, परत ढकललं. हातांना सवय होती म्हणून धार निघत होती, नाहीतर मला आपले हात आहेत हेही कळत नव्हतं.

मग लोण्याची आठवण झाली.

तामारला पाठीवर घेतलं आणि ओढ्याच्या कडेने निघाले. तीन मैल. उतारवयातली बाई सहा वर्षांचं पोर पाठीवर घेऊन पळू शकत नाही, पण मी पळाले. काय सांगायचं ते वाटेत जुळवत होते. ओबेद, माझं दूध वाईट आहे. ओबेद, ते लोणी टाकून द्या. एवढंच सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाला ते चार शब्द जड वाटले नसते. मी आयुष्यात कधी कुणाला माझ्या हातचं टाकून द्या म्हटलं नव्हतं. तरी म्हणणार होते. झाडांत त्याचा धूर दिसला तेव्हा माझ्या तोंडात ते शब्द तयार होते.

तो दाराशी ओंडक्यावर बसला होता. मांडीवर निळ्या फुलाचं भांडं, हातात भाकरीचा शेवटचा तुकडा. भांड्याच्या आतून तो तुकडा फिरवत होता, कडेकडेने, पुसून. मला बघून उठला.

"अहो बाई, मीच आणून देणार होतो." तो ओशाळला. "काल खणून आल्यावर इतकी भूक लागली होती की बसलो, आणि सकाळी परत बसलो. माणसाने असं हावरटासारखं खाऊ नये, ठाऊक आहे मला. पण खोटं नाही सांगत, असं लोणी मी उभ्या जन्मात खाल्लं नव्हतं. माझ्या आईच्या हातचं पण नाही."

तामार माझ्या पाठीवरून खाली उतरली.

"सगळं खाल्लंत?" मी विचारलं.

"सगळं." तो हसला. माझं दुःख आठवून लगेच थांबला. "काही हवं होतं का, बाई? इतक्या धावत आलात."

मी त्याच्या हातातल्या भांड्याकडे बघितलं. स्वच्छ होतं. निळ्या फुलावर एक थेंब नव्हता.

"भांडं न्यायला आले," मी म्हटलं.

ओबेद पेल मेला नाही. महिनाभर अंथरुणाला होता. मी रोज जाऊन त्याला पाणी आणि कांजी पाजली. पाणी त्याच्याच ओढ्याचं, तरी दर वेळी विचारायचा, "हे तुमच्या झऱ्याचं नाही ना?" मी म्हणायचे, नाही. उठला तो काठी धरून. कुऱ्हाड त्याने परत उचलली नाही. वसंतात त्याने गाडी जोडली, मी तामारला घेऊन केंटकीला भावाकडे गेले. आमच्या जागेवर दुसरी माणसं आली, मग ओढ्याकाठी आणखी चार घरं झाली. सगळ्यांनी गाई आणल्या, असं ऐकलं. मी कुणाला निरोप पाठवला नाही. लविना कशाने गेली असं तामारच्या लग्नात तिच्या सासूने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, तापाने. तामार माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे आईचे आहेत.

ओबेद पुढे बरीच वर्षं जगला. जिथे जाईल तिथे आमच्या त्या खोऱ्याची गोष्ट सांगायचा. मला भेटलेल्या तिघा-चौघांनी त्याच्या तोंडून ती ऐकलेली, आणि प्रत्येकाने मला ती कौतुकाने परत सांगितली. की तिथलं पाणी फार वाईट होतं, माणसं मारणारं. पण तिथे एक म्हातारी होती, तिच्या हातचं लोणी मात्र पुन्हा कुठे मिळालं नाही.